पदवीचे गुण आणि पहिली नोकरी: सीजीपीए नेमका कुठे अडवतो, कुठे नाही?

वारणाकाठ (धागाकर्ता)

प्लेसमेंटचा मोसम आला की सीजीपीएबद्दल (सगळ्या सेमिस्टरांची मिळून दहापैकी सरासरी) दोन टोकांची वाक्यं कानावर पडतात. एक, "सीजीपीए कोण बघतं, स्किल पाहिजे." दुसरं, "साडेसातच्या खाली असाल तर विसरा." दोन्ही अर्धवट आहेत आणि दोन्हींनी मुलांचं नुकसान होतं. पहिलं ऐकलेला मुलगा सातव्या सेमिस्टरला जागा होतो. दुसरं ऐकलेली मुलगी जिथे सहज बसली असती तिथेही फॉर्म भरत नाही. म्हणून हा धागा. मुख्य चर्चा महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग पदवीची करू, बाकीचे ओघाने येतीलच.

माझं म्हणणं आधी मांडतो. पहिल्या नोकरीत गुण हे बहुतेक ठिकाणी उंबरठा असतात. उंबरठ्याच्या आत आलात की ७.१ आणि ९.१ यांच्यात फारसा फरक उरत नाही. बाहेर राहिलात तर अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही, फॉर्मच पुढे सरकत नाही. त्यामुळे "माझे गुण चांगले आहेत का" यापेक्षा "मला कुठला उंबरठा ओलांडायचा आहे" हा प्रश्न उपयोगाचा.

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचा उंबरठा बरीच वर्षं जवळपास एकच आहे: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी, प्रत्येकात ६० टक्के किंवा ६ सीजीपीए. टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेच्या अटी बघा: प्रत्येक टप्प्यावर हेच ६०, चालू केटी (अजून न सुटलेला विषय) एकापेक्षा जास्त नको, शिक्षणातला एकूण खंड २४ महिन्यांपेक्षा जास्त नको. आत गेल्यावर निन्जा पद (वर्षाला साधारण ३.३६ लाख) मिळणार की डिजिटल (साधारण ७ लाख), हे परीक्षेतल्या ॲडव्हान्स्ड भागावर आणि मुलाखतीवर ठरतं. नऊचा सीजीपीए असूनही कोडिंगचे प्रश्न सुटले नाहीत तर निन्जाच.

सार्वजनिक कंपन्यांत उंबरठा वर आहे आणि तो कागदावर पक्का आहे. गेट या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून घेणाऱ्या एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीला खुल्या गटासाठी पदवीला ६५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ५५. पॉवरग्रिडला ६०. इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' पदाला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए. गेटचा स्कोअर कितीही देखणा असला तरी खुल्या गटात पदवीला ६३ टक्के असतील तर एनटीपीसीचं दार बंद. हे तिसऱ्या वर्षी कळलं तर उपाय असतो, गेटच्या निकालानंतर कळून काही करता येत नाही.

---

आकडेमोड

धागा वेळेवर काढलात. सर्वांत जास्त घोळ टक्केवारी काढताना होतो, त्यावर लिहिते.

सीजीपीएला थेट १० ने गुणू नका. ९.५ ने तर मुळीच नको. ते ९.५ सीबीएसईच्या दहावीचं होतं, जेव्हा तिथे ग्रेड देत असत. पदवीला ते लावलेले फॉर्म आजही सर्रास दिसतात. ज्या विद्यापीठाची पदवी, त्याचंच सूत्र, आणि तेही तुमच्या बॅचच्या नियमावलीचं.

समजा सीजीपीए ६.८ आहे. सूत्रागणिक काय होतं बघा:

- ८.८ ने गुणण्याची रीत असेल तर ५९.८४
- मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचं ७.१ गुणिले सीजीपीआय (म्हणजे सीजीपीएच) अधिक १२ हे सूत्र असेल तर ६०.२८
- एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे (सीजीपीएतून ०.७५ वजा, मग गुणिले १०) ६०.५
- चुकून ९.५ ने गुणलं तर ६४.६
- थेट १० ने गुणलं तर ६८

एकच मुलगी, एकच गुणपत्रिका. ६० टक्क्यांची अट असेल तर पहिल्या ओळीत ती अपात्र, शेवटच्या ओळीत एनटीपीसीच्या अटीतसुद्धा बसते. आणि शेवटचा आकडा भरला तर तो खोटा ठरतो.

मुंबईच्या सूत्रात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ते ७ला तुटतं. ७च्या खाली ७.१ ने गुणायचं, ७ आणि वर ७.४ ने, दोन्हीकडे अधिक १२. म्हणजे ६.९९ला ६१.६३ टक्के आणि ७.००ला ६३.८. शंभरांश पॉइंटमागे दोन टक्क्यांहून जास्त उडी. जो ६.९ वर घुटमळतोय त्याने शेवटच्या दोन सेमिस्टरांत जीव ओतावा तो इथे. या सूत्राने ६५ टक्क्यांसाठी ७.१७ पुरतो, एआयसीटीईच्या तक्त्याने ७.२५ लागतो.

बँकांच्या जाहिरातीत अजून एक वाक्य असतं, ते मुलं वाचतच नाहीत: ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील. वरच्या पूर्णांकात ओढायचं नाही.

---

ताम्हण

आकडेमोड, छान लिहिलंत. एक विचारते. सहा सेमिस्टर झाली, सीजीपीए ६.४. आता दोनच उरली. ६.७५पर्यंत (एआयसीटीईच्या तक्त्याने ६० टक्के) जाणं शक्य आहे का? घरचे म्हणतात आता काही होत नाही.

---

आकडेमोड

ताम्हण, होतं की! पण सरासरी सेमिस्टरांची नाही काढायची, क्रेडिटची, म्हणजे प्रत्येक विषयाचं वजन धरून काढायची.

पदवी १६० क्रेडिटची धरू (एआयसीटीईच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात एवढीच आहेत). सहा सेमिस्टरांत १२० झाली असं समजू. आजवर जमा झालेले पॉइंट: १२० × ६.४ = ७६८. शेवटी ६.७५ हवा तर १६० × ६.७५ = १०८०. फरक ३१२. तो उरलेल्या ४० क्रेडिटमध्ये, म्हणजे ३१२ ÷ ४० = ७.८. दोन्ही सेमिस्टरांत सरासरी ७.८ एसजीपीए (एका सेमिस्टरची सरासरी). कठीण आहे, पण आवाक्यातलं आहे, कारण आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्टचं वजन मोठं असतं आणि तिथे ९-१० ग्रेड पॉइंट मिळवता येतात.

हाच हिशेब ७ साठी केला तर ८.८ येतं. ते जवळपास अशक्य. मग ७च्या मागे झुरत बसण्यापेक्षा ६.७५ पक्का करून उरलेला वेळ कोडिंग किंवा गेटला द्यावा.

अभ्यास कुठे करायचा तेही क्रेडिटच सांगतं. चार क्रेडिटच्या विषयात 'बी'चा (६) 'ए' (८) केला तर आठ पॉइंट वाढतात. एक क्रेडिटच्या लॅबमध्ये ८ चे १० केले तर दोनच. उलट बाजू अशी की लॅब आणि टर्मवर्कचे ते दोन पॉइंट कमी कष्टात मिळतात आणि वर्षभरात अशा चार-पाच लॅब असतात. जर्नल वेळेत तपासून घेणं, ओरलला हजर राहणं, एवढ्यावर ते मिळतात. तिथले पॉइंट सोडून देणारी मुलं पाहिली की फार वाईट वाटतं.

तुमच्या गुणपत्रिकेवरचे क्रेडिट मात्र स्वतः मोजा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डिप्लोमावाल्यांची सरासरी तिसऱ्या सेमिस्टरपासून धरतात, त्यांची एकूण क्रेडिट कमी असतात. त्यामुळे शेवटच्या दोन सेमिस्टरांचं वजन त्यांच्यासाठी जास्त.

---

कट_ऑफ

प्लेसमेंट सेलच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण "कंपनीने ६० सांगितलं होतं, मग आम्हाला ७.५ला का अडवलं" हा राग दरवर्षी असतो.

कंपनीची जाहीर अट वेगळी आणि त्या दिवशीचा कट-ऑफ वेगळा. कंपनी कळवते की १५० जणांची टेस्ट घेऊ, कारण लॅबमध्ये तेवढीच मशीन आहेत किंवा मुलाखत घेणारे चारच जण येणार आहेत. नोंदणी होते ४०० जणांची. मग टीपीओच्या (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या) एक्सेलमध्ये सीजीपीएवर सॉर्ट लागतो आणि १५०व्या नावाशी जो आकडा असतो तो कट-ऑफ ठरतो. यात मुलांची पारख अशी काही नसते, गर्दी आवरायची असते. त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीच्या, मोठ्या पॅकेजच्या कंपन्यांना कट-ऑफ चढा जातो. डिसेंबर-जानेवारीपर्यंत वरची मुलं ऑफर घेऊन बाजूला होतात (बहुतेक कॉलेजांत एक ऑफर मिळाली की पुढे बसू देत नाहीत, ड्रीम कंपनीचा अपवाद सोडून) आणि तोच कट-ऑफ ६.५ वर येतो. ६.६ वाल्यांनी ऑक्टोबरात हाय खाऊन नाव काढून घ्यायचं नसतं.

दुसरं, केटीबद्दल. 'चालू' केटी आणि 'सुटलेली' केटी हा फरक फार मोठा आहे. बहुसंख्य कंपन्या चालू केटी नको म्हणतात; सुटलेली चालते. पण काही जण फॉर्मवर "आजवर किती विषय राहिले होते" असंही विचारतात. तिथे खरं लिहा, कारण गुणपत्रिकांवर परीक्षेचं सत्र छापलेलं असतं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला सगळ्या सेमिस्टरांच्या प्रती जातात. जॉइनिंगनंतर तीन महिन्यांनी ऑफर रद्द होते ती बहुतेक वेळा अशा खोट्या रकान्यामुळे. कमी गुणांनी मिळालेली नोकरी नंतर जात नाही.

केटीचा छुपा तोटा वेगळाच आहे. विषय राहिलेला असला की बहुतेक विद्यापीठांत त्या सेमिस्टरचा एसजीपीए छापतच नाहीत, पुढे सीजीपीएही लागत नाही. मग पोर्टलवर भरायला आकडाच नसतो. रिव्हॅल्युएशनचा निकाल यायला महिने जातात, तोवर कंपनी येऊन गेलेली असते. म्हणून पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला शंका असेल तर दोन्ही गोष्टी एकदम करा: फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनचा अर्ज मुदतीत टाका आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्मही भरून ठेवा. रिव्हॅल्युएशनच्या भरवशावर फॉर्म न भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

---

पान्हा_बारा

सगळं आयटीचंच चाललंय, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचं लिहितो.

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड या पट्ट्यात जीईटी (प्रशिक्षणार्थी इंजिनिअर) म्हणून घेणाऱ्या मोठ्या कंपन्या 'थ्रूआउट फर्स्ट क्लास' मागतात, म्हणजे दहावीपासून सगळीकडे ६०. इथे दहावीला ५८ असणाऱ्याची वाट पदवीचे ८५ टक्केही मोकळी करत नाहीत. ते अन्यायकारक आहे, पण आहे.

त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांत मात्र गुणपत्रिका बऱ्याचदा जॉइनिंगच्या दिवशीच बघतात. तिथे समोर ड्रॉइंग ठेवतात आणि विचारतात: हा टॉलरन्स वाच, हे पोझिशनचं चिन्ह काय सांगतं, या भोकाला कुठला गेज लावशील. व्हर्निअर हातात देऊन माप घ्यायला लावतात. लीस्ट काउंट (उपकरणाने मोजता येणारं सर्वांत लहान माप) न सांगता येणारे आठ-पॉइंटवाले तिथेच गळतात. जीडी अँड टीची (ड्रॉइंगवर आकार-स्थितीच्या मर्यादा दाखवणारी) चौदा चिन्हं, मायक्रोमीटर वाचणं, सेव्हन क्यूसी टूल्स या गुणवत्ता तपासणीच्या साधनांपैकी पॅरेटो आणि फिशबोन स्वतः काढून दाखवणं, एवढी तयारी महिनाभराची आहे. ६० च्या खाली असलेल्या मेकॅनिकलच्या मुलाने तो महिना इथे घालवावा असं मी कळकळीने सांगेन.

---

सह्यवारा

वारणाकाठ, तुमच्या 'उंबरठा' या म्हणण्याशी मी अर्धाच सहमत. उंबरठा सगळ्यांना सारख्या उंचीचा नाही.

स्वायत्त कॉलेज स्वतः पेपर काढतं, स्वतः तपासतं. संलग्न कॉलेजचा पेपर विद्यापीठ काढतं, तपासायला दुसरीकडे जातो. स्वायत्त कॉलेजातला ८.५ आणि विद्यापीठाचा ७.२ यांत ज्ञानाचा फरक किती आणि मूल्यमापनाच्या पद्धतीचा किती, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऑफ-कॅम्पसच्या फॉर्मला मात्र दोघांनाही एकच रकाना. त्यात 'दहावीपासून ६०' ही अट. पंधराव्या वर्षी तालुक्याच्या शाळेत, सेमीला इंग्रजीतून गणित शिकताना पडलेले गुण बावीसाव्या वर्षी नोकरी ठरवतात. याची मला खरोखर चीड येते.

---

कट_ऑफ

सह्यवारा, मान्य. काही कंपन्या कॉलेजनिहाय वेगळा कट-ऑफ लावतात तो याच कारणाने, पण ते ऑन-कॅम्पसपुरतं. दहावीच्या अटीला उपाय नाही. ती नसलेल्या जागा शोधाव्या लागतात.

---

वारणाकाठ

सह्यवारा, मुद्दा घेतला. उंबरठा आहे म्हणजे तो न्याय्य आहे असं मला म्हणायचं नव्हतं. ही अट काढता येते, हेही खरं. ब्रिटनमध्ये 'टू-वन' म्हणजे वरचा द्वितीय वर्ग ही पदवीधर भरतीतली जुनी अट. तिथे ईवाय या लेखा-सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये आणि तशाच पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये ती सोडली आणि स्वतःच्या चाचण्यांवर भर दिला. आपल्याकडे एनक्यूटीसारख्या परीक्षा आहेतच, तरीही ६० चं फाटक कायम आहे, कारण अर्ज लाखांनी येतात आणि टक्केवारीने गाळणं फुकट पडतं.

---

निळी_शाई

बीकॉम, बीए, बीएस्सीवाल्यांसाठीही कोणीतरी लिहा. आमच्या बाजूला टीपीओ हा शब्दच ऐकायला मिळत नाही.

---

आकडेमोड

निळी_शाई, तुमच्याकडे चित्र पुष्कळ मोकळं आहे, फक्त ते कोणी सांगत नाही.

पदवी पुरे, टक्के कितीही: यूपीएससी नागरी सेवा, एमपीएससी राज्यसेवेतली बहुतेक पदं, आयबीपीएस पीओ (सरकारी बँकांतले अधिकारी), स्टेट बँक पीओ. ४८ टक्क्यांचा बीए आणि ८८ टक्क्यांचा बीएस्सी एकाच रांगेत.

टक्के लागतात तिथे: रिझर्व्ह बँक ग्रेड बीच्या जनरल शाखेला पदवीला ६०, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५०. बीएडला पदवी किंवा पदव्युत्तरला ५०, इंजिनिअरिंग करून बीएडला येणाऱ्याला ५५, राखीव गटांना सवलत. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तरला ५५, राखीव गटांना ५०. प्राध्यापकीचं मनात असेल तर एमएच्या पहिल्या सेमिस्टरपासूनच ५५ समोर ठेवा, ५४.८ चालत नाहीत.

फॉर्म भरताना टक्के सगळ्या विषयांचे, सगळ्या सेमिस्टरांचे धरायचे. फक्त शेवटच्या वर्षाचे किंवा ऑनर्स विषयांचे नाहीत. आयबीपीएसच्या जाहिरातीत हे शब्दशः दिलेलं असतं.

---

ताम्हण

आणि सगळं करूनही ६० च्या खालीच राहिलं तर? एमई, एमटेक केल्याने पदवीचे गुण झाकले जातात का?

---

कट_ऑफ

नाही झाकले जात, आणि या गैरसमजात दोन वर्षं आणि बरेच पैसे जातात. 'प्रत्येक टप्प्यावर ६०' म्हटलं की बीईचे ५७ तिथेच राहतात. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पदवीनंतरच्या कोर्सबद्दलही तेच. कोर्स उत्तम, मेहनत करून घेतात, पण प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या पुन्हा तीच अट लावतात. प्रवेश घेण्याआधी त्या केंद्राकडे विचारा: मागच्या बॅचला ६० च्या खालच्यांना घेणाऱ्या कंपन्या किती आल्या?

काम होतं ते तीन ठिकाणी. एक, ॲप्रेंटिसशिप. एनएटीएस या सरकारी ॲप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करा, आपल्या भागाचं मंडळ मुंबईत आहे. २०१९च्या नियमांत पदवीधरांसाठी स्टायपेंड किमान ९००० ठरला होता. पैसा थोडा, पण वर्षाचं सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि पुढच्या अर्जात 'अनुभव' हा रकाना रिकामा राहत नाही. दोन, पान्हा_बारा यांनी सांगितलेले छोटे कारखाने, आणि सॉफ्टवेअरमध्ये तीस-चाळीस माणसांच्या कंपन्या, जिथे तुमचा चालणारा प्रोजेक्ट उघडून बघतात. तीन, टक्के न मागणाऱ्या सरकारी परीक्षा.

दोन-अडीच वर्षं अनुभव झाला की खासगीत पदवीच्या टक्क्यांचा प्रश्न हळूहळू मागे पडतो. मग काम, पगार आणि नोटीस पिरियड विचारतात. सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांत मात्र तो आकडा कधीच पुसला जात नाही. म्हणून ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी शेवटच्या दोन सेमिस्टरांवर पाणी सोडू नये.

---

निळी_शाई

आभार. एक शेवटचं. टक्केवारीचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं नसेल तर पुरावा काय दाखवायचा?

---

आकडेमोड

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्यायचं. अर्ज, सगळ्या सेमिस्टरांच्या गुणपत्रिकांच्या प्रती, ओळखपत्र, शुल्क. हातात यायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की लगेच अर्ज टाका, मुलाखतीचं पत्र येईपर्यंत थांबू नका. काही कॉलेजं प्राचार्यांच्या सहीने देतात. खासगी कंपन्यांना ते बहुधा चालतं, पण सरकारी भरतीला विद्यापीठाच्या शिक्क्याचंच घ्या. प्रमाणपत्रावर सूत्र आणि तुमचा आकडा दोन्ही आहेत ना ते खिडकीवरच वाचून बघा, आणि नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आईचं नाव किंवा वडिलांचं नाव एकीकडे असतं आणि दुसरीकडे नसतं, मग कागदपत्र तपासणीच्या दिवशी प्रतिज्ञापत्रासाठी धावपळ होते.